विसावा श्वास कुणाचा?

शाळाप्रवेशाच्या दिवसांत 'सर्व वर्ग वातानुकूलित' असे फलक लागतात आणि पालकांना वाटतं, चला, मुलांना चांगली हवा मिळणार. गंमत अशी की भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. वर्गातलीच हवा ओढायची, गार करायची आणि परत तिथेच सोडायची, एवढंच त्याचं काम. गारवा पळू नये म्हणून खिडक्याही बंद. आधीच्या तासाचा कोंडलेला वास दारातून शिरणाऱ्या बाईंना लगेच जाणवतो, आत बसलेल्यांना नाही.

आता थोडं गणित करू, मला ते फार आवडतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाख भागांत ४२०. आपण सोडलेल्या श्वासात तो ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. वर्ग ९ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच धरा: १६२ घनमीटर. मुलं ४५. एक मूल तासाला अंदाजे १४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे अर्ध्या तासाच्या तासिकेत सगळी मिळून ३१५ लिटर. खोली पूर्ण बंद असेल तर एका तासिकेत जवळपास २,००० पीपीएमची भर. या २,००० ला ४०,००० ने भागा: ५ टक्के. म्हणजे तासिका संपताना आत घेतलेला दर विसावा श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेला असतो!

त्या कुणाला गोवर किंवा फ्लू असेल तर? खोकल्याचे मोठे थेंब काही सेकंदांत खाली पडतात. पण बोलताना, नुसता श्वास सोडतानाही निघणारे एखाद्या मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, कण तासन्‌तास तरंगतात आणि मागच्या बाकापर्यंत पोचतात.

याउलट प्रत्येक मुलामागे सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा आली, तर आकडा ८०० पीपीएमच्या आसपास थांबतो आणि उष्टा श्वास १ टक्क्यावर येतो. आपल्या वर्गात त्यासाठी तासाला दहा वेळा हवा बदलावी लागेल. समोरासमोरच्या खिडक्या आणि छताजवळच्या झडपा उघड्या असल्या तर वाऱ्याच्या दिवशी हे सहज जमतं. जुन्या शाळा बांधणाऱ्यांना ते ठाऊक असावं.

तैवानमधल्या तैपेईतल्या एका विद्यापीठात क्षयरोगाची साथ आली, तेव्हा कोंदट खोल्यांत ३,२०४ पीपीएम मोजले गेले. वायुवीजन सुधारून आकडा ६०० च्या जवळ आणला. त्यानंतर रुग्णांच्या संपर्कात नव्याने आलेल्यांपैकी एकालाही पुढची काही वर्षं क्षयरोग झाला नाही. अर्थात, रुग्णांवर उपचार आणि संपर्कांचा शोधही सोबत चालू होताच.

शाळा हमरस्त्यालगत असेल तर खिडकीतून धूर येतो. तिथे खिडक्यांच्या जोडीला चांगल्या गाळणीचं यंत्र लावावं. ते विषाणूंचे कण अडवतं, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, त्यामुळे तो मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा पाहून यंत्र बिघडलंय असं समजू नये.

कोविडच्या काळात गळ्यात अडकवलेल्या कापराच्या पोटल्यांनी मात्र काहीही साधलं नाही. धूप-अगरबत्ती तर हवेत कणांची भरच घालते. तरी अगरबत्तीचा एक उपयोग आहे. मुलं घरी गेल्यावर, पंखा बंद करून, ती वर्गाच्या मधोमध धरा. धूर सरळ वर गेला तर हवा जागची हलत नाही. खिडकीकडे वाकला तर वाट मोकळी आहे.