कापूस किती पांढरा?

मे महिन्यातलं, यवतमाळकडच्या खेड्यातलं लग्न. व्हिडिओ मी भर दुपारी एडिट केला. वर टिनाचं छप्पर, कूलरसाठी उघडी टाकलेली खिडकी, आणि तिच्यातून येणारं ऊन थेट मॉनिटरवर. चित्र काळपट वाटलं म्हणून उजेड चढवला. रात्री नवरदेवाच्या घरी टीव्हीवर लावलं, तर आजोबांचं धोतर म्हणजे नुसता पांढरा डाग. "कारे पोरा, माह्या धोतराचा काठ कुठी गेला?"

काठ माझ्या डोळ्यांनी घालवला होता. डोळा उजेड मोजत नाही, भोवतालच्या उजेडाशी तुलना करतो. खोली लख्ख असली की तोच पडदा अंधारलेला भासतो. चित्राचा उजेड आणि रंग आलेखात दाखवणारं साधन म्हणजे स्कोप. त्याला ना खोली दिसते, ना मॉनिटर. तो चित्रातल्या ठिपक्यांचे आकडे मांडतो, बस्स.

स्कोपचे प्रकार बरेच; त्यातला पहिला वेव्हफॉर्म. चित्रात जे डावीकडे, ते आलेखातही डावीकडे; उंची मात्र उजेडाची. कापसाच्या वावरात डाव्या धुऱ्यावर बाभूळ असेल तर आलेखाच्या डाव्या बाजूला तळाशी गडद झुपका दिसेल, आणि फुटलेली बोंडं वर चमकतील. मोजपट्टी ० ते १०० आयआरई: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. ही अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेची आद्याक्षरं. १९६३ मध्ये ती संस्था दुसरीत विलीन झाली, तिच्या नावाचं माप मात्र राहिलं. बोंडं ८५-९०च्या आसपास असली तर रुईचे तंतू दिसतात. माथ्याला सपाट रेघ उमटली, तर तिथला तपशील जळाला. कॅमेऱ्यातच जळाला असेल तर नंतर कितीही उजेड उतरवा, पांढऱ्याचा राखाडी होईल, तंतू काही येणार नाहीत. माझं नशीब, मूळ फाइलीत धोतर शाबूत होतं.

पण एकट्या वेव्हफॉर्मवर भिस्त ठेवू नये. एचडी व्हिडिओत उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लाल २१, निळा जेमतेम ७. हल्ली मांडवात निळे एलईडी लावायची हौस आहे. त्या झोतात नवरीच्या शालूचा निळा पार माथ्याला टेकलेला असतो, आणि वेव्हफॉर्म खाली निवांत! हे पकडायला आरजीबी परेड लागते. तिच्यात लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी वेगळे दिसतात. भर दुपारच्या कापसावर तिघांची उंची सारखी आली की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसण्याचा रंगांचा तोल, बरोबर समजायचा. हिस्टोग्राम नावाचा स्कोप मी क्वचितच उघडतो: उजेड किती ते सांगतो, कुठे ते नाही.

डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही हे सगळे स्कोप आहेत. मग स्कोपचं वेगळं यंत्र कशाला? सॉफ्टवेअरचा स्कोप सॉफ्टवेअरच्या आतलं मोजतो, यंत्र तारेतून प्रत्यक्ष बाहेर पडलेला सिग्नल. आठ बिटच्या टीव्ही सिग्नलमध्ये काळा १६ला आणि पांढरा २३५ला धरतात. संगणक बहुधा ० ते २५५ मानतो. ही गफलत झाली तर स्कोप बरोबर दिसतो आणि टीव्हीवर चित्र एकतर धुऊन निघाल्यासारखं, नाहीतर काजळलेलं. वाहिनीला कार्यक्रम देणाऱ्यानं यंत्र घ्यावं. लग्नवाल्यानं आधी खिडकीला जाड पडदा लावावा; स्वस्तात पडतो.

राहिला व्हेक्टरस्कोप. तो गोल असतो: मधोमध बेरंग, कडेकडे रंग गडद, आणि दिशा म्हणजे रंग कोणता ते. लाल आणि पिवळ्याच्या मध्ये त्वचेची एक रेघ असते. गोरा असो की सावळा, साध्या उजेडात बहुतेकांची त्वचा तिच्याजवळच येते, कारण सगळ्यांच्या कातडीत रंग आणणारे तेच दोघे: मेलॅनिन आणि रक्त. चेहरा रेघेवर आणला की काम झालं, असं मीही समजायचो.

मग हळदीचा शॉट आला. ठिपक्यांचा पुंजका रेघ सोडून पार पिवळ्याकडे. सवयीनं तो ओढून रेघेवर आणला, आणि नवरीच्या गालावरची हळदच पुसली गेली. कंट्रोल-झेड दाबलं.