निळ्या रेषेआधीचं पाणी

महाराष्ट्रात पूररेषा आहे, पूररेषेचा कायदा नाही. १९७५ साली केंद्राने पूरपट्ट्यातल्या जमिनीच्या वापरासाठी नमुना कायदा तयार करून राज्यांकडे धाडला. मोजक्या राज्यांनी तो केला, आपण परिपत्रकांवर भागवलं. विधेयक आलं असतं तर निदान सभागृहात भांडण झालं असतं. परिपत्रक टेबलावरून टेबलाकडे जातं आणि गावाला कळतं ते बांधकाम परवाना अडल्यावर.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाण्याची, यांपैकी जी मोठी ती. तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. दोन रेषांच्या मधे अटी पाळून बांधता येतं. सगळा घोळ त्या ‘वर्षांतून एकदा’मध्ये आहे. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. एकदा येऊन गेला की नातवाच्या काळापर्यंत सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. पण लोकांनी तसाच घेतला, आणि खरं सांगायचं तर कुणी समजावूनही दिला नाही. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा गेलं.

त्यात मोजमापं वेगळी. काठावरची माणसं पाणी फुटांत बोलतात. राजाराम किती, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती. नृसिंहवाडीत दक्षिणद्वार झालं, म्हणजे कृष्णेचं पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडलं, म्हटलं की पाणी कुठवर आलं ते शिरोळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पूररेषेचा नकाशा समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतो. २००५ ला पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीला टेकलं, हे गल्लीतल्या म्हातारीला पाठ; नकाशात त्याला रकाना नाही.

लोकांना बोलावतात ते हरकती-सूचनांच्या टप्प्यावर, विकास आराखडा जाहीर झाल्यावर. तोवर रेषा आखून झालेली असते. तेव्हा अर्ज करतो तो मुख्यतः ज्याचा प्लॉट रेषेत गेला तो. भाड्याच्या खोलीत ज्याचा संसार बुडाला, त्याच्याकडे हरकत घ्यायला सातबारा नसतो.

२००५ चा महापूर ओसरला आणि त्याच वर्षअखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारी जिल्हा परिषद अध्यक्षांना सहअध्यक्ष म्हणून बसवलं. लोकप्रतिनिधी आले, पण बचावाच्या खात्यात. जमीन कुणी कशी वापरायची हे दुसरीकडेच ठरत राहिलं.

२०१९ नंतर चर्चा अलमट्टीने, कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाने, खाऊन टाकली. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला विरोध हा सांगली-कोल्हापुरात आता सर्वपक्षीय विषय आहे. सरकारी अभ्यास समितीने महापुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही, काठावरच्या अनेकांना ते आजही पटलेलं नाही. या गदारोळात घराजवळची मागणी मागे पडते: पुलांच्या दोन्ही बाजूंचे रस्त्याचे भराव काढून तिथे कमानी घाला. पाणी भरावाला तटतं आणि मागे फुगतं, हे पंचगंगेच्या पट्ट्यातले शेतकरी सांगत आलेत. भराव पडला की रेषेबाहेरचं शिवारही पाण्याखाली जातं, नकाशावरची रेषा मात्र जागची हलत नाही.