छातीवर बसणारा मुंजा

रात्रपाळी करून पहाटे घरी यावं, पाठ टेकावी, आणि डोळा लागतो न लागतो तोच जाग यावी. पंख्याची घरघर ऐकू येते, लांबून लोकलचा भोंगा येतो, पण बोटसुद्धा हलत नाही. दाराशी कुणीतरी उभं असतं. मग ते छातीवर येऊन बसतं. ओरडायचं म्हटलं तर आवाज फुटत नाही. लालबाग-परळच्या चाळींत यावर उपाय ठरलेला: उशाखाली विळा ठेवा, भीमरूपी म्हणा. आपला पिंपळ सोडून मुंजा तीन जिने कशाला चढेल, हे कुणी विचारत नाही.

याचं नाव स्लीप पॅरालिसिस. १९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेचा एक टप्पा नोंदवला, ज्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळं झरझर फिरतात. ही रेम झोप. ठसठशीत स्वप्नं बहुतेक इथलीच. स्वप्नात पळणारा माणूस खरोखर उठून पळू नये म्हणून मेंदूचा देठ हातापायांचे स्नायू सैल सोडतो. कधीतरी जाग आधी येते आणि ही पकड काही क्षणांनी, फार तर काही मिनिटांनी सुटते.

छातीवरचं ओझं निव्वळ कल्पना नव्हे. रेम झोपेत श्वासपटल चालू असतं, पण बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात. घाबरून मोठा श्वास ओढावा तर छाती साथ देत नाही. मेंदू समजतो, कुणीतरी दाबतंय. त्यात भीतीशी संबंधित अमिग्डला हा भाग रेममध्ये जोरात असतो, म्हणून दाराशी ‘कुणीतरी’. जपानी लोक याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूनं जखडणं. आपण मात्र सुटकेसाठी लोखंडच उशाशी घेतो!

२०११ मध्ये ३५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हे अनुभवणारे सुमारे ८ टक्के निघाले, विद्यार्थ्यांमध्ये २८. अपुरी झोप, बदलत्या पाळ्या आणि उताणं झोपणं यांनी शक्यता वाढते. म्हणून कुशीवर झोपावं, अर्थात दहा बाय बाराच्या खोलीत कूस बदलायला जागा असेल तर.

झटका आला की झटापट करू नये. श्वास त्याच्या चालीनं चालू द्यावा, पायाचं एकच बोट हलवायचा प्रयत्न करावा. दिवसाही अनावर झोप येत असेल, किंवा हसताना गुडघ्यांतलं बळ जात असेल, तर नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची शंका घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं.

भीमरूपी मनातल्या मनात जरूर म्हणा, लक्ष भीतीवरून हटतं. विळा तेवढा स्वयंपाकघरात राहू द्या. दचकून उठताना बोटं कापायची.