वीजजाळे पुनःस्थापन

विस्तृत प्रदेशातील वीजपुरवठा एकाच वेळी कोलमडल्यावर निर्मिती केंद्रे, पारेषण वाहिन्या व ग्राहकांचा भार क्रमाने पुन्हा जोडण्याची प्रक्रिया. पद्धतशीर नियोजनाचा आरंभ बहुधा ९ नोव्हेंबर १९६५ रोजी ईशान्य अमेरिका व ओंटारिओत सुमारे ३ कोटी लोकांची वीज गेली, त्यानंतरचा मानतात. जलविद्युत केंद्रांत स्वबळावर सुरू होण्याची सोय मात्र त्यापूर्वीही असे; तेव्हा ही तारीख तंत्राच्या जन्माची नव्हे, तर नियोजनाला संघटित रूप आल्याची समजणे अधिक सयुक्तिक.

वीज निर्माण करायलाही वीज लागते, ही यातील मूळ अडचण. औष्णिक केंद्रातील पाण्याचे पंप, कोळशाच्या चक्क्या व पंखे बाहेरून वीज मिळाल्याखेरीज फिरत नाहीत. जलविद्युत संचाला झडपा उघडण्यापुरती व जनित्राच्या उत्तेजनापुरती (त्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यापुरती) वीज बॅटरी किंवा डिझेल संचातून मिळाली की तो काही मिनिटांत सुरू होतो. यालाच ब्लॅक स्टार्ट म्हणतात. वायू टरबाइनचाही असा उपयोग होतो.

पुढचा टप्पा अधिक नाजूक. भार नसलेली लांब ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी जोडल्यास तिच्या धारितेमुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) दूरच्या टोकाचा विद्युतदाब (व्होल्टेज) वाढतो (फेरांटी परिणाम). म्हणून जनित्राचा दाब उतरवून, रिअॅक्टर (दाब आवरणारी वेटोळी) लावून, शक्यतो आखूड वाहिन्यांनी पुढे सरकतात. भार थोडाथोडाच घ्यावा लागतो. बराच वेळ बंद असलेले फ्रिज व मोटारी एकदम सुरू होऊन नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतात. त्यामुळे वारंवारता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) ५० हर्ट्झच्या फार खाली गेली, तर उभे केलेले सारे पुन्हा कोसळते. एका फीडरला (वस्तीला वीज पोचवणाऱ्या वाहिनीला) वीज येऊन शेजारचा अंधारात राहतो, तो बहुधा यामुळे. रेल्वे, रुग्णालये, पाणीपुरवठा व खाणी यांना प्राधान्य असते. स्वतंत्र सुरू झालेली बेटे (जाळ्याचे सुटे भाग) दाब, वारंवारता व कला (तरंगाची त्या क्षणीची स्थिती) जुळल्यावरच जोडतात.

शेजारचे जाळे शाबूत असल्यास तेथून वीज घेणे सोपे. ३० जुलै २०१२ रोजी भारताच्या वीजजाळ्याचा उत्तर विभाग कोसळला, तेव्हा पूर्व व पश्चिम विभागांतून अशी मदत मिळाली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग बंद पडले. पश्चिम विभाग टिकून होता.

मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी वाहिन्या बंद पडल्या आणि शहराला वेगळे करून पुरवठा टिकवणारी पृथक्करण योजनाही अपयशी ठरली. लोकलगाड्या थांबल्या. २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण दिले. वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्याचा क्रम दुसऱ्या मताशी अधिक जुळतो.