पोटरीत गोळा आलाय की गुठळी झालीय?

सिंहगड चढून-उतरून आलं की पोटऱ्या भरून येतात, मग रात्री झोपेत एकदम गोळा येतो आणि माणूस ओरडत उठून बसतो, ह्याचं पुण्यात कुणाला नवल नाही. हा गोळा जीव काढतो खरा, पण काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतो. पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढला की आराम पडतो, दुसऱ्या दिवशी जरा ठणकतं, बस.

गुठळीचं म्हणजे डीव्हीटीचं तसं नसतं. पायाच्या आतल्या खोल शिरेत रक्त गोठतं आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) ती बऱ्याचदा गोळ्याइतकी दुखतही नाही, कधी तर कळतच नाही. म्हणून किती दुखतंय यावर जाऊ नका. एकच पाय सुजलाय का, ती पोटरी हाताला गरम लागते का, रंग बदललाय का आणि दुखणं सुटायचं नाव न घेता तसंच राहिलंय का, हे बघा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे टेपने पोटऱ्या मोजलेल्या बऱ्या. डॉक्टरपण दोन्ही पोटऱ्या मोजतात, 3 सेंमीपेक्षा जास्त फरक असला तर संशय वाढतो.

शिवाय गुठळीला निमित्त ठरेल असं मागच्या काही आठवड्यांत काय झालं ते आठवा, ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, कॅन्सरची ट्रीटमेंट, गर्भनिरोधक गोळ्या, किंवा नागपूरहून पुण्याला रात्रभर ट्रॅव्हल्सच्या सीटवर पाय लोंबकळत बसून येणं.

घरात कुणीतरी तेल कोमट करून चोळायला बसतंच. गोळ्याला चालतं, पण एक पाय सुजला असेल तर अजिबात चोळू देऊ नका, गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ, यातलं काही झालं तर सरळ 108, मग पाय दुखत असो नसो.

नुसता पाय सुजला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते कलर डॉपलर सांगतील, साधी सोनोग्राफीच असते ती. गुठळी निघाली तर रक्त पातळ करायच्या गोळ्या सहसा निदान 3 महिने, आणि सूज उतरली म्हणून मधेच बंद करणारे महाभाग खूप आहेत. ह्या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत हो, वाढू देत नाहीत फक्त, विरघळवायचं काम शरीर आपल्या गतीने करत असतं आणि त्याला तेवढा वेळ लागतोच.