एनजीएफ आणि बीडीएनएफ : एकाच कुळातली दोन प्रथिने, दोन वेगळी कामे

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात नसांच्या ताकदीची गोळी मागायला येणाऱ्यांत निरनिराळ्या तक्रारींची माणसे असतात. कुणाला सोयाबीनच्या सोंगणीनंतर गुडघे उठू देत नाहीत, कुणाच्या तळपायांना मधुमेहाने मुंग्या येतात, तर कुणाच्या घरातले म्हातारे माणूस नातवंडांची नावे विसरू लागलेले असते. अलीकडे या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच सल्ला फिरतो : शरीरातला ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ वाढवा, म्हणजे नसाही सुधारतील आणि स्मरणशक्तीही. या सल्ल्यात एनजीएफ (म्हणजेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) आणि बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रोफिक फॅक्टर) ही दोन वेगळी प्रथिने एकत्र कालवलेली आहेत. त्यांतले पहिले वाढले, तर दुखणारा गुडघा बरा होण्याऐवजी अधिक दुखू शकतो. म्हणून हा घोळ निस्तरणे गरजेचे आहे.

दोन्ही प्रथिने न्यूरोट्रोफिन नावाच्या, चेतापेशींना वाढवणाऱ्या आणि जगवणाऱ्या एकाच कुळातली असून त्यांच्या घडणीचा जवळजवळ निम्मा भाग सारखा आहे. आधी सापडले ते एनजीएफ. इटलीतल्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठातले काम सोडावे लागले, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर चेतापेशींचा अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे काम करताना त्यांना दिसले, की उंदराच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट गाठीचा तुकडा गर्भावर लावला की चेतातंतू त्या गाठीत दाटीने शिरतात. गाठीतून पाझरणारा तो पदार्थ वेगळा करण्याचे काम स्टॅन्ली कोहेन यांनी केले. त्यासाठी सापाचे विष आणि नर उंदराची लाळग्रंथी हे त्याचे भरघोस साठे उपयोगी पडले. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बीडीएनएफ मात्र १९८२ मध्ये जर्मनीत इव्ह-अलेन बार्ड आणि हान्स थोनेन यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून वेगळे केले, आणि ते इतके अत्यल्प निघत असे की त्याचा अभ्यास बराच काळ अवघड राहिला.

दोघांमधला खरा फरक ते कुठल्या पेशीला जाऊन चिकटतात यात आहे. पेशीच्या पृष्ठभागावर अशी प्रथिने ओळखणारे रिसेप्टर असतात. एनजीएफ ज्याला चिकटते त्याचे नाव ट्रॅक-ए, आणि बीडीएनएफ ज्याला चिकटते त्याचे ट्रॅक-बी. ट्रॅक-ए असलेल्या पेशी मोजक्या ठिकाणी आहेत : वेदना आणि उष्णता जाणणारे चेतातंतू, घाम व रक्तवाहिन्या यांवर ताबा ठेवणाऱ्या सिम्पथेटिक पेशी, आणि मेंदूच्या पुढच्या भागात तळाशी असलेल्या, ॲसिटिलकोलीन हे निरोप पोहोचवणारे रसायन बनवणाऱ्या पेशी. ट्रॅक-बी मात्र मेंदूत जवळजवळ सर्वत्र आढळतो. याखेरीज दोन्ही प्रथिनांना धरणारा पी-७५ नावाचा एक सामाईक रिसेप्टर आहे. ही प्रथिने पेशीत आधी लांब, कच्च्या रूपात तयार होतात. ते कच्चे रूप पी-७५ ला चिकटले तर पेशी जगण्याऐवजी मरणाकडे ढकलली जाऊ शकते. त्यामुळे केवळ प्रमाण वाढले म्हणजे भले झाले, हे गणित इथे मुळातच लागू पडत नाही.

एनजीएफचे वेदनेशी असलेले नाते समजण्यासाठी एका दुर्मीळ जन्मजात आजाराकडे पाहावे लागते. ट्रॅक-ए बनवणाऱ्या जनुकात दोष असलेल्या मुलांमध्ये वेदना नेणारे तंतू तयारच होत नाहीत. ती जीभ चावतात, चटके लावून घेतात आणि त्यांना कळत नाही. घामही येत नसल्यामुळे त्यांचे अंग तापते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे अशा मुलाला केवळ उन्हानेच जिवाचा धोका असतो. उलट, मोठ्या माणसाच्या झिजलेल्या, सुजलेल्या सांध्यात एनजीएफ वाढते आणि तिथले वेदना-तंतू अधिक हळवे करून ठेवते. कापूस वेचताना दिवसभर वाकून आणि निंदणीला उकिडवे बसून ज्या बायांचे गुडघे झिजले आहेत, त्यांच्या दुखण्यात या प्रथिनाचाही हात असतो. म्हणूनच औषध कंपन्यांनी एनजीएफ वाढवणारे नव्हे, तर त्याला अडवणारे प्रतिपिंड सांधेदुखीसाठी तयार केले. त्यांतल्या टॅनेझुमॅबने दुखणे कमी झालेही, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागारांनी २०२१ मध्ये त्याच्या विरोधात कौल दिला आणि कंपनीने ते काम थांबवले. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो, कारण एनजीएफ वाढवण्याची शिफारस करणाऱ्या एकाही संदेशात त्याचा उल्लेख नसतो.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी एनजीएफची इंजेक्शने देण्याचा प्रयत्नही झाला होता. हजाराहून अधिक रुग्णांवरच्या त्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. इंजेक्शनच्या जागी दुखणे तेवढे वाढले. दत्तपूर आणि आनंदवन इथल्या कुष्ठरुग्णांच्या संस्थांमुळे कुष्ठरोग विदर्भाला परका नाही. त्या आजारात जंतू चेतातंतूंभोवतीच्या पेशींत शिरतात, आणि अशा तंतूंमध्ये एनजीएफ घटलेले आढळले आहे. तरीही तिथला उपाय वेळेवर सुरू केलेली बहुविध औषधोपचार पद्धती हाच आहे, एनजीएफ नव्हे. एनजीएफ औषध म्हणून खरोखर यशस्वी ठरले ते डोळ्यात. नागीण किंवा मधुमेह यांमुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची संवेदना गेली की त्यावरची जखम भरत नाही. अशा आजारासाठी प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी एनजीएफचे थेंब, म्हणजे सेनेगर्मिन, युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. हे थेंब दिवसातून ६ वेळा, ८ आठवडे घालायचे असतात. मात्र धानाचा तूस किंवा पऱ्हाटीची काडी लागून झालेल्या साध्या जखमेचे हे औषध नाही, तिथे जंतुसंसर्गाचा उपचार ताबडतोब व्हावा लागतो.

मेंदूच्या बाबतीत एनजीएफची आशा अल्झायमरवर केंद्रित होती, आणि ती निराधार नव्हती. ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या ज्या पेशींना एनजीएफ तगवते, त्याच पेशी या आजारात कोमेजतात. अडचण अशी, की रक्तात दिलेले हे मोठे प्रथिन मेंदूत जवळजवळ पोहोचत नाही. ते मेंदूतल्या पोकळीत सोडले तेव्हा रुग्णांना पाठदुखी सुरू झाली, कारण तिथल्या द्रवातून ते बहुधा पाठीच्या कण्याजवळच्या, ट्रॅक-ए असलेल्या वेदना-तंतूंपर्यंतही पोहोचले. पुढे रुग्णाच्या त्वचेतल्या पेशींत एनजीएफचे जनुक घालून त्या मेंदूत ठेवण्याचा प्रयोग अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर विषाणूमार्फत तेच जनुक देण्याची ४९ रुग्णांवरची चाचणी झाली. तिच्यातून रुग्णांना फायदा दिसला नाही, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत एनजीएफ नेमक्या पेशींपर्यंत पोहोचलेच नव्हते असे आढळले.

बीडीएनएफचे काम निराळे आहे. चेतापेशी वापरात असते तेव्हा तिच्याकडून ते सोडले जाते आणि दोन पेशींमधला जोड मजबूत करते. शिकणे आणि लक्षात ठेवणे याच जोडांवर अवलंबून असते. हंटिंग्टनच्या आजारात, म्हणजे मेंदूच्या पेशी मरत जाणाऱ्या एका आनुवंशिक विकारात, मेंदूच्या वरच्या थरातून आतल्या भागाला होणारा याचा पुरवठा तुटतो. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य या दोहोंशीही त्याचा संबंध आढळला आहे, पण नैराश्य बीडीएनएफच्या कमतरतेमुळेच होते असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे ठरेल. नापिकी आणि कर्जाच्या ओझ्याखाली खचलेल्या माणसाला रक्तातले एखादे प्रथिन दाखवून भागत नाही. त्याला डॉक्टर, औषध आणि ऐकून घेणारे माणूस लागते, आणि त्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा निःशुल्क क्रमांक आहे.

व्यायामाने बीडीएनएफ वाढते, हे १९९५ मध्ये उंदरांत दिसले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वृद्धांपैकी ज्यांनी वर्षभर, आठवड्यातून ३ दिवस सुमारे ४० मिनिटे चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नंतरच्या अभ्यासांत निष्कर्ष इतके एकसारखे आले नाहीत. दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला हा सल्ला देण्यात अर्थ नाही, तिच्या शरीराला विश्रांती हवी असते. पण शेतीची कामे मुलांकडे सोपवून ओट्यावर बसून राहिलेल्या आजोबांसाठी गावच्या मारुतीपर्यंत रोजचा फेरा हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

रक्तात मोजलेल्या बीडीएनएफच्या आकड्यावरही विसंबू नये, कारण ते मुख्यतः बिंबिकांमध्ये (प्लेटलेट्समध्ये) साठलेले असते आणि मेंदूतल्या प्रमाणाचे थेट माप देत नाही. नसांसाठी सर्रास दिली जाणारी मेथिलकोबालामिनची गोळी तर या दोहोंपैकी काहीच नसते. ती बी-१२ जीवनसत्त्व असते आणि मुख्यतः बी-१२ कमी असेल तेव्हा तिचा उपयोग असतो. बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. त्यामुळे घरातले म्हातारे माणूस विसरू लागले, तर स्मरणशक्तीची महागडी भुकटी मागवण्याआधी बी-१२, थायरॉइड आणि साखर या तीन तपासण्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात.