मामीची गोळी आणि मामांचं रक्त

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी धाकट्या मामीने लोहाच्या गोळ्यांची पट्टी उकड्या तांदळाच्या डब्यामागे दडवली होती. हिमोग्लोबिन ९, विहिरीवरून कळशी आणताना वाटेत दोनदा टेकावं लागतं, पण गोळी नको. लोहाने कॅन्सर होतो असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं म्हणे. ‘रगत कमी हाय ते परवडलं,’ मामी म्हणाली. ती निव्वळ थाप असती तर तिथल्या तिथे उडवून लावली असती. पंचाईत अशी, की त्यात थोडं तथ्य आहे.

मामीच्या परसातली माती लाल आहे ती लोहामुळेच. प्राणवायूने लोहाचे इलेक्ट्रॉन ओढून घेतले की गंज होतो, आणि जांभ्याचा रंगही त्याच जातीचा. इलेक्ट्रॉन सहज देणं-घेणं हा लोहाचा स्वभाव. अन्नातून ऊर्जा काढताना पेशींना हाच स्वभाव उपयोगी पडतो. तो अंगलटही येतो. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवून दिलं, की हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीला लोहाचा क्षार थोडा जरी असला तरी टार्टारिक आम्लाची झपाट्याने मोडतोड होते. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतला आंबटपणा. पेरॉक्साइड आपल्या पेशींतही सतत तयार होत असतं. त्याला मोकळं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल नावाचा भलताच आततायी मूलक, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी राहिलेला कण, जन्माला येतो आणि समोर येईल त्याचे, अगदी डीएनएचेही, लचके तोडतो. या जखमा नीट बुजल्या नाहीत तर त्यातूनच पुढे कॅन्सरची सुरुवात होऊ शकते.

म्हणून शरीर लोहाला मोकळं फिरू देत नाही. रक्तातून त्याला ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन नेतं, पेशीत फेरिटिन हे दुसरं प्रथिन कोंडून ठेवतं. साठा भरला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातून आत येणारं लोह अडवलं जातं. ही एवढी राखण कशासाठी, तर आलेलं लोह बाहेर टाकायला शरीराकडे मुद्दाम केलेली वाटच नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सारं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं आणि रोज आत शिरतं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. काही जणांत ही राखणच जन्मतः बिघडलेली असते. त्यांच्या यकृतात वर्षानुवर्षं लोह साचतं, यकृत निबर होतं आणि तिथे कॅन्सरचा धोका बराच वाढतो. त्यामागचा मुख्य जनुक १९९६ मध्ये सापडला. हा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त दिसतो, आपल्याकडे क्वचितच.

दुसरी गोष्ट मटणाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, हॅम यांसारखं टिकवलेलं मांस मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं कारण ठरवलं. आपल्याकडे गोव्याहून येणारं चोरिस याच गटातलं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे १०० जणांतल्या १८ जणांना कॅन्सर होतो असं नव्हे; मुळात जो धोका आहे त्यात तेवढी भर पडते. ताज्या लाल मांसाला, त्यात बकऱ्याचं मटणही आलं, ‘बहुधा कारणीभूत’ म्हटलं आहे. संशयितांत मांसातलं हीम लोह, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या हीम रेणूतलं लोह, आहे. ते आतड्याच्या अस्तराला डिवचतं आणि तिथे नायट्रोसो नावाची, कॅन्सरला चालना देऊ शकणारी संयुगं तयार व्हायला मदत करतं. पण शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा, असा सल्ला असतो. रविवारी अर्धा किलो आणून सहा जणांत वाटणाऱ्या घराने कसली धास्ती घ्यायची? जत्रेचा आठवडा सोडून देऊ. आणि निपाणीच्या पट्ट्यात कॅन्सरचं बोलायचं तर आधी तंबाखूचं बोलावं, मटणाचं नंतर.

आमची खरी अडचण उलटी आहे. भाकरी आणि नाचणीच्या आंबिलीत लोह असतं, पण धान्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा उरलंसुरलं अडवतो. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी जवळजवळ ४८ जणींना रक्तक्षय निघाला.

लोह आणि कॅन्सरचं नातं आमच्या घराने पाहिलं ते थोरल्या मामांच्या आजारपणात. वय ६३, धाप, चेहरा पांढराफटक, हिमोग्लोबिन ८. एका दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, तीन महिन्यांत चेहऱ्यावर तजेला आला आणि सगळे निवांत झाले. गोळ्या थांबल्या तसं रक्त पुन्हा उतरलं. दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘बाईचं रक्त पाळीत जातं. यांचं कुठं जातंय?’

हिशेब साधा आहे. १ मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोज चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर रक्त झिरपलं तर अडीच मिलिग्रॅम गेलं. अन्नातून तेवढं भरून येत नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ अशीच झिरपत राहते. दुखत नाही, लाल काही दिसत नाही. वर गोळ्यांनी संडास काळी होते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. मामांना दुर्बीण घातली तेव्हा गाठ तिथेच सापडली. ऑपरेशन झालं, चार वर्षं झाली, या पावसाळ्यात भातलावणीला बांधावर उभे राहून सगळ्यांच्या चुका काढत होते.

मी हे सगळं सांगितल्यावर मामी जरा वेळ गप्प बसली. तिला पाळीत भरपूर रक्त जातं, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तपासणी झाली, त्यावर औषध सुरू झालं. गोळी ती आता लिंबाच्या पाण्याबरोबर घेते. तक्रार एकच, जेवणावरचा चहा दोन तास लांबला.